बराबर, का बिलकुल बराबर?

माघ लागला की आमच्याकडं दोन गोष्टी एकदम येतात. जालना-अंबड रोडच्या दोन्ही अंगाला मोसंबी फुलायला लागते, आणि माझ्या टेबलावर दहावीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे येऊन पडतात. मोसंबीचं पाणी आधी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल व्हायला लागली, झाडाला वाटलं की आता आपलं काही खरं नाही, की मग पाणी सोडतात, आणि झाड घाबरून फुलतं. पोरांचंही आम्ही तेच करतो. फरक इतकाच की झाडं फुलतात.

यंदाचा मराठीचा पेपर आमच्या शाळेतल्या नव्या बाईंनी काढला. बाई उत्साही आहेत. 'तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाचे गुणदोष तुमच्या शब्दांत लिहा' असा प्रश्न त्यांनी घातला, आणि निम्म्याहून जास्त पोरांनी एकाच पिक्चरवर लिहिलं. त्या पिक्चरचं नाव मी इथं लिहिणार नाही. जालना जिल्ह्यातल्या माणसाला ते सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. हाणामारीचा विनोदी पिक्चर आहे. चार वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग आमच्याकडं झालं, आणि अजून दर सणाला तो टीव्हीवर लागतो.

एकानं लिहिलंय, 'या चित्रपटाचा मुख्य गुण म्हणजे हाणामारी व मुख्य दोष म्हणजे मध्ये मध्ये गाणी.' दुसऱ्यानं लिहिलंय, 'दोष : माझी खुर्ची मोडकी होती.' याला मी दोन गुण दिले, खरं लिहिलं म्हणून. तिसरा पोरगा वर्गातला हुशार. तो लिहितो, 'आपली गावठी भाषा वापरून दिग्दर्शकाने प्रेक्षकांना पोट धरून हसवले आहे.' या वाक्यात एकही चूक नाही. वेलांट्या जागच्या जागी, अनुस्वार जागच्या जागी. लाल पेनचं टोपण काढून मी तसाच बसून राहिलो. आपली. गावठी. हसवले. याचे गुण कुठून कापू? ही शुद्ध भाषा मीच शिकवली, आणि ती गावठी भाषा त्या पिक्चरला मीच दिली.

होय, मीच. पिक्चर संपल्यावर जी नावं वर सरकत जातात, जी कुणीच वाचत नाही, त्यात जनावरं पुरवणारा आणि जेवण पुरवणारा यांच्या मधोमध 'बोलीभाषा मार्गदर्शन' असं येतं आणि त्यापुढं माझं नाव. दीड सेकंद दिसतं. मी मोजलंय.

आता अण्णांबद्दल सांगितलं पाहिजे. अण्णा म्हणजे माझे वडील. अंबडच्या अलीकडं आमचं गाव, तिथं अण्णांची मोसंबी, थोडी कपाशी. अण्णा कधी सरपंच झाले नाहीत, उभेसुद्धा राहिले नाहीत. पण कुणाचं पाणी अडलं, कुणाची वाट अडली, भावाभावांत वाजलं, की लोक म्हणायचे, "अण्णाला बोलवा." अण्णा जाऊन बांधावर बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि दोघांचं ऐकायचे. मधे बोलायचं नाही, हा एकच नियम. ऐकून झालं की जरा खोकायचे, उजव्या कानाची पाळी चोळायचे, तोड सांगायचे, आणि शेवटी विचारायचे, "बराबर, का बिलकुल बराबर?"

बाहेरच्याला वाटेल दोन्ही एकच. आमच्याकडं ते एकच नाही. 'बराबर' हा शब्द आमच्याकडं फार स्वस्त आहे. डॉक्टर म्हणतो गोड बंद करा, आपण म्हणतो बराबर, आणि घरी येऊन दोन लाडू खातो. बराबर म्हणजे ऐकलं. बराबर म्हणजे तुम्ही मोठे, आता वाद नको, निघू द्या घरी. 'बिलकुल बराबर' म्हणजे मनातून पटलं, आता मागं फिरणार नाही. आणि ते अण्णांकडं बघून म्हणायचं नाही, ज्याच्याशी भांडण त्याच्या तोंडाकडं बघून म्हणायचं. दोघांनी म्हटल्याशिवाय चहा नाही. एका म्हाताऱ्यानं एकदा तीन दिवस नुसतं 'बराबर' लावून धरलं. अण्णा तीनही दिवस सकाळी सकाळी त्याच्या बांधावर जाऊन बसले. चौथ्या दिवशी म्हातारा आपल्या चुलतभावाच्या अंगावर खेकसला, "बिलकुल बराबर रे बाबा, बिलकुल बराबर! आता ह्या अण्णाला घरी जाऊ दे, त्याची बायको वाट पाहून राह्यली!" गाव हसलं, अण्णाही हसले. पण शब्द पाळला त्यानं, मरेपर्यंत.

कागद नाही, सही नाही, अंगठा नाही. मी एकदा म्हटलं होतं, "अण्णा, लिहून घेत जा." ते म्हणाले, "कागदाला वाळवी लागती मास्तर." मला ते मास्तर म्हणतात, चिडवायला.

आणि मी खरंच मास्तर आहे, तेही मराठीचा. वीस वर्षं मी पोरांच्या तोंडातून 'न्हाई' काढतोय. कुणी 'सर, मी काल आल्तो' म्हटलं की पट्टीनं टेबल वाजवायचं आणि म्हणायचं, "आलो होतो." हे मी इमानदारीनं केलं. पोरं पुण्यात गेल्यावर कुणी त्यांना हसू नये, एवढाच हेतू. हसणं किती वाईट असतं ते मला माहीत होतं, कारण कॉलेजात मी एकदा 'करून राह्यलो' म्हणालो होतो आणि पुढं वर्षभर माझं नावच राह्यलो पडलं होतं.

तर असा मी, आणि चार वर्षांपूर्वीच्या माघात त्या पिक्चरचा दिग्दर्शक आमच्या शाळेत आला. वयानं माझ्याहून लहान, दाढी, पायात भारी बूट. म्हणाला, "सर, आम्हाला ऑथेंटिक भाषा पाहिजे. इथली. मातीतली." आयुष्यभर जी भाषा मी पुसत आलो, ती मागायला कुणीतरी मुंबईहून माझ्या दारात आलं होतं. काय सांगू, मी फुगलो. त्या दिवशी शिपायाला मी दोनदा चहा सांगितला आणि दिग्दर्शकाला 'आल्तो' आणि 'गेल्तो' यांचं व्याकरण फळ्यावर काढून दाखवलं.

त्याच रविवारी मी गावी गेलो, आणि त्याच रविवारी हरिभाऊ आणि दत्ताचं भांडण अण्णांपुढं आलं. दोघं सख्खे भाऊ. थोरल्या हरिभाऊचं रान मागं, धाकट्या दत्ताचं रस्त्याला लागून. हरिभाऊची वाट दत्ताच्या रानातून, आणि दत्तानं ती नांगरून टाकलेली. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवून अण्णांशेजारी बसलो. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते सावध झाले असते, बोली नैसर्गिक आली नसती. हे कारण मी स्वतःला दिलं. एम. ए. झालेल्या माणसाला कारणं फार चांगली सुचतात.

बांधावर बोरीची सावली होती. वाऱ्यावर मोसंबीच्या फुलांचा वास येत होता, इतका की डोकं जड व्हावं. अण्णा म्हणाले, "दत्ता, तुझ्या भावानं मोसंबी काय हेलिकाप्टरनं न्यावी का?"

"तसं न्हाई अण्णा. पर माह्या कपाशीच्या दोन वळी जातेत ना वाटंत."

"जाऊ दे. भाऊ जाण्यापरीस वळी गेलेल्या बऱ्या."

मग तोड सांगितली. पूर्वेच्या बांधानं ट्रॉली जाईल एवढी वाट हरिभाऊची. बांधावरची बोर दत्ताची, पण बोरं दोघांच्याही लेकरांची. अण्णा खोकले, कानाची पाळी चोळली. "बराबर, का बिलकुल बराबर?"

हरिभाऊ लगेच म्हणाला, "बिलकुल बराबर."

दत्ता खाली बघून म्हणाला, "बराबर."

अण्णा नुसते बसले. असं बसणं मी पुढं कुठल्या नटालाही जमताना पाहिलं नाही, म्हणजे एका नटाला सोडून. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दत्ता, मातीकडं काय पाहून राह्यला? तिकडं तुझा भाऊ हाये. त्याच्याकडं पाय. बराबर, का बिलकुल बराबर?"

दत्तानं मान वर केली. "बिलकुल बराबर, दादा," म्हणाला, आणि हरिभाऊनं उपरण्यानं डोळे पुसले. चहा आला. माझ्या खिशात फोन तापला होता.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकानं ते गाडीत बसून ऐकलं, डोळे मिटून. परत ऐकलं. म्हणाला, "सर, हे सोनं आहे हो." आणि मी म्हणालो, "घ्या ना." घ्या ना! घरचंच होतं, फुकटचं होतं, आणि द्यायला माझं काय जात होतं?

शूटिंग बघायला अण्णांना मीच घेऊन गेलो. पाठलागाचा सीन होता. अशा पिक्चरमध्ये फळांची गाडी उलटावीच लागते, तसा कायदाच असावा. पावसाळ्यात धरलेल्या मृग बहाराची पिवळीधमक मोसंबी पिकअपमध्ये भरलेली, नायकाची जीप येते, पिकअप उलटते, गुंड फळांवरून घसरून पडतात. पाच वेळा उलटवली. प्रत्येक वेळी नवी फळं. रस्ताभर रस, त्यावर माशा, आणि बाया पदराचे ओटे पसरून फुटकी फळं वेचत होत्या. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "ह्ये हसायचं हाये का?" त्यांनी मला विचारलं. "हो अण्णा, विनोदी आहे," मी म्हणालो. "मंग हसतो," ते म्हणाले आणि हसले नाहीत.

तेवढ्यात पिक्चरमधला विनोदी नट आला. तो खलनायकाचा उजवा हात झाला होता, मिशा चिकटवलेल्या. माणूस चांगला होता, हे मला लिहिलंच पाहिजे. अण्णांच्या पाया पडला, मोसंबीची चौकशी केली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, हेच का ते? आवाज यांचाच ना?" मी त्याचा हात दाबला. तो समजला, गप्प बसला. पुढं मी पुष्कळ लोकांना सांगितलं की अण्णांचं बोलणं या नटाच्या तोंडी जाणार याची मला काही कल्पना नव्हती. ती होती. कल्पना नसलेला माणूस कुणाचा हात दाबत नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर पिक्चर लागला. गावातून दोन जीप भरून माणसं जालन्याला थेटरात आली, कारण मास्तरचं नाव येणार होतं. मी अण्णांच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला.

बाईंनी प्रश्न काढलाच आहे, तर मीही गुणदोष लिहितो. गुण आधी, अशी पद्धत आहे.

पिक्चर वाईट नाही. हे कबूल करायला मला चार वर्षं लागली. जिनिंगमधली मारामारी तर फार उत्तम आहे. सरकीचा कापूस डोंगराएवढा रचलेला, आणि माणसं त्यात पडतात तर आवाजच होत नाही. ठोसा दिसतो, माणूस नाहीसा होतो, वर थोडा कापूस उडतो, आणि त्या शांततेत कुणीतरी शिंकतं. ज्याला हे सुचलं त्याला विनोद कळतो. पाठलाग लांबला आहे पण कंटाळा येत नाही. कॅमेऱ्यानं आमचे उघडे माळ जसे आहेत तसे दाखवले, उगीच हिरवे केले नाहीत.

आणि तो विनोदी नट. परीक्षक म्हणून मला लिहावं लागतं की पिक्चरचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. तो माणसाला उलटा टांगतो, खोकतो, उजव्या कानाची पाळी चोळतो आणि विचारतो, "बराबर, का बिलकुल बराबर?" समोरचा म्हणतो, "बराबर." मग तो थांबतो. थेटर श्वास धरतं. आणि मग फाडकन ठेवून देतो. समोरचा 'बिलकुल बराबर' म्हणेपर्यंत. ते थांबणं अण्णांचंच आहे, तेवढंच लांब, तेवढंच शांत. अण्णा थांबायचे ते समोरच्याला विचार करता यावा म्हणून. हा थांबतो ते हसू साठावं म्हणून. विनोदाच्या हिशोबानं त्यात खोट काढता येत नाही.

आता दोष. पहिला दोष असा की पिक्चरमध्ये कुणाला लागत नाही. शंभर माणसं मार खातात आणि पुढच्या सीनला कुणाच्या नाकाला पट्टीसुद्धा नाही. आमच्या गावात एकाला पोळ्याच्या दिवशी काठी लागली होती, तो अजून लंगडतो. हसनाबादची म्हणून दाखवलेली नायिका चुलीकडं पाठ करून भाकरी थापते. नायक मंठ्यात जन्मला, मंठ्यात वाढला, पण बोलतो 'मी निघतोय गं', आणि त्याच घरात त्याचा सख्खा चुलता 'निघून राह्यलो' म्हणतो. एका चुलीवर जेवणारी माणसं दोन भाषा कशा बोलतात, हे मार्गदर्शकानं विचारायला पाहिजे होतं. मार्गदर्शक मीच होतो. विचारलं तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "सर, हिरो आहे तो." मी म्हणालो, "बराबर."

आणि खरा दोष हा. पिक्चरमध्ये हसायचं असलं की आमची भाषा, आणि रडायचं असलं की त्यांची. शेवटी नायकाची आई मरते. आयुष्यभर 'काहून रे' म्हणणारी बाई मरताना म्हणते, "बाळा, मी आता जाते." व्हायोलिन वाजतं. अरे, आमच्या बाया मरताना काय पुण्याला जाऊन येतात का? आमच्याकडं माणसं रडतात तीसुद्धा 'न्हाई रे, न्हाई रे' अशीच रडतात. पण ते कुणाला खरं वाटलं नसतं. इतकं आम्हाला हसून घेतलंय की आमच्या तोंडचं रडणंसुद्धा आता विनोदी वाटतं.

थेटरात मात्र कुणी नाक मुरडलं नाही. थेटर आमच्याच माणसांनी भरलं होतं, आणि ती कोसळून हसत होती. पहिल्या वेळेला ते वाक्य आलं तेव्हा अण्णाही हसले, मांडीवर थाप मारून. आई त्यांना कोपरानं ढोसून म्हणाली, "अवं, ह्ये तं तुमचंच." दुसऱ्या वेळेला अण्णा हसले नाहीत. तिसऱ्या वेळेला त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी नायक त्या विनोदी माणसाला चोप देतो आणि स्वच्छ पुणेरी आवाजात विचारतो, "बरोबर, की अगदी बरोबर?" शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांवर नाचणं. मी? मीही हसलो. सगळे हसत होते.

नावं वर सरकायला लागली. मी अण्णांचा दंड धरला. "अण्णा, ते बघा, माझं!" अण्णांनी डोळे बारीक करून वाचायला घेतलं, पण वाचून व्हायच्या आत नाव गेलं.

"काय लिहेल होतं?"

"बोलीभाषा मार्गदर्शन."

अण्णांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. "तू मार्ग दाखवला व्हय?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायच्या आधी मी फोनमधलं ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. वाटलं, पुरावा गेला. कोणाच्या बाजूचा पुरावा गेला, हे कळायला पुढं दीड वर्ष जावं लागलं.

मग ते वाक्य गावभर, तालुकाभर, जिल्हाभर झालं. फोनची रिंगटोन झाली. अंबडच्या बाजारात भाजीवाला मेथी देताना विचारायचा, "बराबर, का बिलकुल बराबर?" जीपच्या काचेवर लिहिलं गेलं. लग्नात नवरदेवाला घास भरवताना नवरीकडच्या पोरी तेच ओरडायच्या. अण्णा आधी हसून न्यायचे. "पिक्चरवाले हाय बाबा तुम्ही," असं म्हणायचे. मग हसू कमी झालं. मग एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण आलं, अण्णा बांधावर बसले, दोघांचं ऐकलं, तोड सांगितली, आणि सवयीनं खोकले. नुसते खोकले, आणि मागं उभ्या असलेल्या कुणालातरी फिसकन हसू आलं. त्याचं पाहून दुसऱ्याला. मग ज्यांचं भांडण होतं ते दोघंही हसायला लागले, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. अण्णांनी प्रश्न विचारलाच नाही. टोपी घातली आणि चहा न पिता घरी आले. हे मला आईनं सांगितलं. पुढं कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी ते गेले नसते.

मला वाटलं, इतकंच. म्हातारपणी काम कमी झालं, बरंच झालं, असंही मी एकदा म्हणालो. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ताटाकडं बघून भाकरी मोडायला लागलो.

आणि मग दत्तानं वाट नांगरली. दुसऱ्यांदा. हरिभाऊची फळं झाडावर, आणि ट्रॉली न्यायला वाट नाही. हरिभाऊ त्याच्याकडं गेला. म्हणाला, "आरं, तू अण्णापुढं बिलकुल बराबर म्हणला होतास." दत्ता काय म्हणाला, ते हरिभाऊनं मला जसंच्या तसं सांगितलं. दत्ता म्हणाला, "त्ये काय दादा, गमतीचं बोलणं. सगळा जिल्हाच म्हणून राह्यला की."

खरं होतं त्याचं. ज्या शब्दावर लेकरं खिदळतात, त्या शब्दानं कुणी कसं बांधलं जाईल? पाच वेळा फळं सांडली तेव्हा मला ती सांडताना दिसली होती. हे सांडताना दिसलं नाही.

हरिभाऊची त्या वर्षीची मोसंबी झाडाखाली गळून सडली. त्या बाजूनं वारं आलं की आंबूस वास यायचा. शेवटी तो अंबडच्या कोर्टात गेला. त्याच्या वकिलानं मला विचारलं, त्या दिवशीचं काही रेकॉर्डिंग वगैरे आहे का, गावात कुणीतरी म्हणालं. मी म्हणालो, होतं, पुसलं. तो म्हणाला, "अरेरे." प्रत मागायला मुंबईला दिग्दर्शकाला फोन लावला, तो आता उचलत नाही. मीही त्या बांधावर होतो, पण पुरावा पुसणाऱ्याची साक्ष टिकणार नाही, असं वकील म्हणाला. उरले अण्णा.

अण्णा तयार झाले, याचं मला नवल वाटलं. "हरीसाठी जातो," म्हणाले. त्यांनी धुतलेलं धोतर काढलं. तारीख नेमकी याच माघात आली, गेल्या आठवड्यात. मी अर्धी रजा टाकली आणि अण्णांना मोटारसायकलवर मागं बसवून अंबडला नेलं. दोन्ही बाजूला मोसंबी फुललेली.

हरिभाऊच्या वकिलानं विचारलं तोवर ठीक चाललं. वाट कुठून, किती रुंद, बोर कोणाची, सगळं अण्णांनी नीट सांगितलं. मग दत्ताचा वकील उठला. तरुण होता, तरतरीत. म्हणाला, "तुम्ही शेवटी या दोघांना एक प्रश्न विचारला होता म्हणता. काय विचारलं होतं? तुमच्याच शब्दांत सांगा."

मागच्या बाकावरच्या दोघा-तिघांनी आधीच ओठ दाबून धरले. टंकलेखन करणाऱ्या बाईनं मान खाली घातली. न्यायाधीश साहेब शांतपणे वाट बघत होते.

अण्णांचा हात कानाकडं गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

"सांगा ना, अण्णा," वकील म्हणाला.

हरिभाऊ बाकावर पुढं सरकून बसला होता. तो अण्णांकडं बघत होता, पूर्वी लोक बांधावर बघायचे तसा, म्हणजे आता हा माणूस बोलेल आणि आपलं होईल.

"मला आठवत नाही," अण्णा म्हणाले.

न्हाई म्हणाले नाहीत. नाही म्हणाले. साठ-सत्तर वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द असा कधी निघाला नव्हता.

"दोघांनी त्यावर होकार दिला होता का?"

"आठवत नाही."

"म्हणजे समझोता झाला की नाही, हेही आठवत नाही?"

"नाही."

वकील खाली बसला. त्याचं काम झालं होतं.

बाहेर आल्यावर हरिभाऊ जवळ आला. मला वाटलं बोलेल काहीतरी, शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "असू द्या अण्णा," एवढं म्हणाला आणि बस स्टँडकडं चालायला लागला.

परत येताना गाव लागायच्या आधी मला राहवलं नाही. गाडी हळू केली आणि म्हटलं, "अण्णा, तुम्हाला सगळं आठवतं. मला माहीत आहे."

मागून अण्णा म्हणाले, "आठवतंय की. पर मी त्ये बोललो असतो ना, तं हरी बी हासला असता."

मला लगेच म्हणायचं होतं की नाही अण्णा, हरिभाऊ कशाला हसेल, त्याचं तर सगळं रान त्यावर होतं. पण त्या दिवशी थेटरात हरिभाऊ आमच्याच मागच्या रांगेत बसला होता, आणि माझ्याही आधी तोच हसला होता.